वेग कमी केला की इंजिन बंद पडतं (जुनी पेट्रोल गाडी): नेमकं कारण कसं शोधावं?

निळी हॅचबॅक

नमस्कार. गाडी १९९९ सालची आहे. पेट्रोल, मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन, पाच गिअरचं मॅन्युअल, एसी आणि हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग. एरवी गाडी ठणठणीत. पिकअप चांगला, ॲव्हरेज पूर्वीइतकंच, धूर नाही, मिसिंग नाही.

तक्रार एकच. सिग्नल किंवा वळण आलं, एक्सलरेटरवरून पाय काढला, ब्रेक लावला, क्लच दाबला की इंजिन कधीकधी चक्क बंद पडतं. दर वेळी नाही. कधी आठवडाभर काही होत नाही, तर कधी एकाच फेरीत पुन्हा पुन्हा. किल्ली फिरवली की लगेच चालू होते, जणू काही झालंच नाही. चेक इंजिन लाइट लागत नाही. गरम इंजिनावर जास्त वेळा होतं, पण थंड असताना कधीच होत नाही असंही म्हणता येणार नाही. रिव्हर्स घेतानाही कधीतरी बंद पडते.

आतापर्यंत प्लग आणि फ्युएल फिल्टर नवे घातले आणि थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. साफसफाईनंतर प्रमाण निश्चित कमी झालं, पण थांबलं नाही. आता गॅरेजवाले म्हणतात आयडल एअर कंट्रोल (आयएसी) व्हॉल्व्ह बदलू, नाही जमलं तर फ्युएल पंप, नाहीतर मग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर. एकामागून एक पार्ट बदलत बसण्याची माझी तयारी नाही. आधी कारण सापडावं आणि मग पाना लागावा, असं वाटतं. वाहत्या रस्त्यात स्टीअरिंग एकदम जड होतं तेव्हा भीती वाटते. रोज मीच चालवते आणि मागच्या सीटवर मुलं असतात.

वाचनमात्र

आयएसी व्हॉल्व्हच असणार. लक्षणं तंतोतंत तीच आहेत. बदलून टाका.

पाना

व्हॉल्व्ह असू शकतो, पण एवढ्या माहितीवर मी तो बदलणार नाही. कारण सांगतो.

त्याआधी सुरक्षिततेचं. इंजिन बंद पडलं तरी ब्रेक बूस्टरमध्ये (ब्रेकला जोर देणारा डबा) साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा दाबण्यापुरता पुरतो. म्हणून पेडल पंप करू नका, एकदाच ठाम दाबा आणि दाबूनच ठेवा. स्टीअरिंग जड होईल पण वळेल, दोन्ही हातांनी जोर लावा. गाडी चालती असताना किल्ली लॉकच्या खाचेपर्यंत मागे नेऊ नका. न्यूट्रल करून किल्ली पुढेच फिरवा. आणि कारण सापडेपर्यंत हायवे टाळा.

आता इंजिनाचं. पाय काढला की थ्रॉटलची पाकळी मिटते आणि मुख्य वाटेने येणारी हवा जवळजवळ थांबते. त्या क्षणी आयएसी व्हॉल्व्हने बाजूच्या वाटेने बेताची हवा सोडायची असते. दुसरीकडे, गिअरमध्ये असताना पाय काढला की ईसीएम इंजेक्टर पूर्ण बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. आरपीएम साधारण १२०० ते १५०० च्या आसपास उतरले की पेट्रोल परत सुरू होतं. म्हणजे अगदी थोड्या वेळात हवा एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाते, थांबलेलं पेट्रोल परत येतं, आणि त्यातच तुम्ही क्लच दाबून इंजिन चाकांपासून सोडवता. वर एसीचा किंवा स्टीअरिंग पंपाचा भार असेल तर तोही त्याच वेळी सांभाळायचा. कार्बन साठलेली थ्रॉटल बॉडी, अडकणारा व्हॉल्व्ह, कुठूनतरी हवा ओढणारा पाइप, उघडा राहिलेला ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), यातलं काहीही असलं तरी इंजिन नेमकं इथेच गचकतं.

पण याच क्षणी इंजिन बंद पडण्याचं पूर्ण वेगळं कारणही असतं, ते म्हणजे करंट तुटणं. दोन्ही प्रकार ड्रायव्हरच्या सीटवरून सारखेच वाटतात. वेगळे ओळखायचे तर इंजिन बंद कसं पडतं ते बघावं लागतं. म्हणून पार्टचा विचार सध्या बाजूला ठेवून एवढं बघा:

टॅकोमीटरचा काटा ८००, ६००, ४०० असा धडपडत उतरतो की सरळ शून्यावर पडतो? बंद पडताना डॅशबोर्डवरचे दिवे काय करतात? एसी चालू-बंद असण्याने फरक पडतो का? आणि हे क्लच दाबण्याआधी होतं की नंतर?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. फोन डॅशबोर्डसमोर पक्का बसवून व्हिडिओ घ्या, किंवा शेजारी बसलेल्याला घ्यायला सांगा. चालवताना स्वतः काट्याकडे बघत बसू नका.

चोक ओढा

माझ्याकडे कार्ब्युरेटरच्या गाड्या आहेत. धागा शोधत येणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं लिहितो, कारण तिथे याच लक्षणाची कारणं वेगळी असतात.

पहिला संशय आयडल जेटवर. त्याचं भोक इतकं बारीक असतं की टाकीतल्या गंजाचा एक कणही पुरतो. गाडी रेस केली की छान चालते, कारण तेव्हा मुख्य जेट काम करत असतो. पाय काढला की सगळी भिस्त आयडल जेटवर येते आणि इंजिन बसतं. जेटमध्ये तार घालून टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने फुंका.

दुसरा संशय आयडल कट-ऑफ सोलेनॉइडवर. इग्निशन चालू केल्यावर त्याची तार काढून लावली की टक् असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर त्याच्यापर्यंत करंट पोहोचतो का ते आधी बघा.

तिसरी गोष्ट फ्लोटची पातळी. जोरात ब्रेक लावला की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल पुढे धावतं. पातळी जास्त असेल तर ते उसळून घशात सांडतं आणि इंजिन ओव्हरफ्लो होऊन बंद पडतं. मग सेल्फ मारताना पेट्रोलचा वास येतो आणि एक्सलरेटर पूर्ण दाबून धरावा लागतो. पातळी फार कमी असेल तर उलट उपासमार होते. हळू थांबल्यावर ठीक आणि जोरात थांबल्यावर बंद, असा फरक दिसला की मी थेट फ्लोटकडे जातो.

एक विनंती. आयडल स्क्रू पिळून आरपीएम वाढवू नका. दुखणं झाकलं जातं आणि पुढच्या मेकॅनिकची दिशाभूल होते. इंजेक्शनच्या गाडीत तर थ्रॉटल स्टॉपच्या स्क्रूला हात लावूच नये. पाकळी पूर्ण मिटली हे ईसीएमला कळलंच नाही तर तो आयडल सांभाळायला घेत नाही.

निळी हॅचबॅक

सगळ्यांचे आभार. पाना, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बहिणीने शेजारी बसून व्हिडिओ घेतले. दोन प्रकार दिसले.

पहिला: एसी चालू, सिग्नलला थांबताना काटा ८५० वरून ५०० पर्यंत बुडतो, इंजिन थरथरतं, कधी सावरतं. एकदा सावरलं नाही, बंद पडलं.

दुसरा: रिकामा सरळ रस्ता, तिसरा गिअर, पाय एक्सलरेटरवरून काढलेला, क्लच अजून दाबलेला नाही. काटा साधारण १८०० वर होता. तो खाडकन शून्यावर आला, पुन्हा वर उडाला, पुन्हा शून्य. मला सीटवर काहीच जाणवलं नाही, धक्का नाही की आवाज नाही. मग मी क्लच दाबला तेव्हा गाडी बंद असल्याचं कळलं. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा क्लच दाबल्यावरच लागला, काटा पडला तेव्हा नाही. बाकी डॅशबोर्ड पूर्ण वेळ चालू होता.

एसी बंद ठेवून पहिला प्रकार दिसत नाही. दुसरा दिसतो.

तारजोडणी

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. तुमच्या दुसऱ्या व्हिडिओत अर्धं निदान झालेलं आहे.

काटा शून्यावर पडला तेव्हा क्लच सोडलेला होता आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. इंजिन फिरत असल्याची साक्ष ऑइल आणि बॅटरीचे दिवे देतात, ते लागले नाहीत. तरी काटा शून्य दाखवतो. म्हणजे इंजिन फिरतंय आणि ईसीएमला ते फिरतंय हे कळत नाही. हवेच्या किंवा पेट्रोलच्या दोषाने असं होऊ शकत नाही. हवा-पेट्रोलने कितीही घात केला तरी गिअरमध्ये फिरणाऱ्या इंजिनाचा काटा १८०० वरून शून्यावर जाणार नाही.

तुम्हाला काही जाणवलं नाही याचंही कारण आहे. पानाने लिहिलंय तसं, पाय काढल्यावर इंजेक्टर मुळातच बंद असतात. जळण थांबलेलंच होतं, सिग्नल तुटल्याने त्यात फरक कुठून जाणवणार? क्लच दाबला, चाकांचा आधार गेला, पेट्रोल परत यायची वेळ झाली, तर ते आलंच नाही.

आता संशयित मोजके उरतात: क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा), त्याचा कनेक्टर, त्याच्या तारा, ईसीएमचा करंट देणारा मेन रिले, इग्निशन स्विच आणि अर्थिंग. इग्निशन स्विचने दगा दिला असता तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डचे काटे-दिवेही मिटले असते. तुमचे चालू होते, म्हणून तो यादीत खाली जातो. मेन रिले मात्र राहतो. जुन्या रिलेंच्या आत सोल्डरला गोल तडा जातो आणि उष्णतेने संपर्क सुटतो.

खुद्द सेन्सरवर माझा संशय कमी आहे. दोन तारांचा चुंबकीय सेन्सर स्वतःच करंट तयार करतो आणि इंजिन जितकं हळू फिरेल तितका तो करंट कमी. गरम होऊन तो कमजोर पडला असेल तर आयडललाच बंद पडेल, पण मग सेल्फवर लगेच चालूही होणार नाही, कारण सेल्फवर इंजिन आयडलपेक्षा कितीतरी हळू फिरतं. तसा सेन्सर थंड होईपर्यंत थांबावं लागतं. तुमची गाडी लगेच चालू होते.

माझं लक्ष तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर आहे, 'रिव्हर्स घेतानाही कधीतरी बंद पडते.' पुढे जोर लावताना इंजिन माउंटिंगवर, म्हणजे त्याच्या रबरी आधारांवर, एका बाजूला झुकतं. पाय काढला की चाकं इंजिनाला ओढतात आणि ते उलट्या बाजूला झुकतं. रिव्हर्समध्ये जोर लावला की तेही याच उलट्या बाजूला झुकतं. म्हणजे दोन्ही प्रसंगी इंजिनाचा कल एकच. माउंटिंग फाटलं असेल तर हा झोका मोठा असतो आणि त्यात एखादी तार ताणली जात असणार.

तपासणी अशी करा. मोकळी जागा, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, बॉनेट उघडं. मदतनीस बाजूला उभा राहील, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित पकडू द्या, इंजिन किती हलतं ते त्याने बघावं. मग रिव्हर्समध्ये तेच. रिव्हर्सला इंजिन बंद पडलं किंवा काटा उडाला तर जागा मिळालीच. नंतर इंजिन आयडलला ठेवून सेन्सरची हार्नेस (तारांचा जुडगा) लाकडी काठीने थोडी थोडी हलवत जा. पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाही दूर.

पाना

तारजोडणी यांच्याशी सहमत. दुसरा प्रकार त्यांच्याच, म्हणजे तारांच्या, भाषेत सुटणार. पण पहिल्या प्रकारालाही विसरू नका. काटा बुडून, थरथरून बंद पडणं हे करंट तुटण्याचं लक्षण नाही. या गाडीत दोन दुखणी एकत्र आहेत असं मला दिसतंय. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर प्रमाण कमी झालं पण थांबलं नाही, त्याचा अर्थही हाच. साफसफाईने एक दुखणं हलकं झालं, दुसऱ्याला त्याचा स्पर्शही झाला नाही.

आणि एक धोक्याची सूचना. क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला की ईसीएम फ्युएल पंपाचा रिलेही सोडतो. बंद पडलेल्या गाडीत पंपाचा आवाज येत नाही म्हणून पंप गेला असं कोणी म्हणालं तर लगेच मान्य करू नका. तो पंप हुकूम पाळत असतो. शिवाय पंप किंवा फिल्टर कमजोर असेल तर गाडी आधी चढावर आणि वेगात अडखळते, कारण पेट्रोल तिथे जास्त लागतं. तुमचा पिकअप चांगला आहे.

पहिल्या प्रकारासाठी क्रम असा ठेवा. गाडी उभी, इंजिन आयडलला, एसी बंद. ब्रेक पेडल दाबून धरा. इंजिन थरथरलं किंवा फुस्स आवाज आला तर बूस्टरचा पडदा फाटलाय. मग व्हॅक्यूम गेज लावा. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा धरा. काटा कमी पण स्थिर असेल तर कुठूनतरी हवा ओढली जात असावी किंवा टायमिंग मागे असेल. पाइप शोधताना क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनावर मारू नका, आग लागते. पाण्याची बारीक फवारणी पुरते आणि स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही. कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) पाइप चिमटून बघा. पेट्रोल भरल्यानंतर गाडी चालू व्हायला कुरकुरत असेल तर तोच उघडा राहिलेला असतो.

डी मोड

माझीही लक्षणं जवळपास हीच, पण गाडी ऑटोमॅटिक आहे. गरम झाल्यावर, हायवेवरून उतरून सिग्नलला थांबताना गाडी आधी हबकते आणि मग बंद पडते. थंड असताना कधीच नाही. मी काय बघू?

पाना

डी मोड, हबकून बंद पडणं हे ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपचं लक्षण असतं. वेगात कन्व्हर्टरच्या आतला क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडतो आणि वेग उतरला की त्याने सुटायचं असतं. सोलेनॉइड अडकला की तो सुटत नाही. मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवली तर जे होईल तेच होतं. लॉक-अप गाडी गरम झाल्यावरच लागतो, म्हणून थंड असताना काही होत नाही.

थांबण्याच्या थोडं आधी एन मध्ये टाकून बघा. तरीही बंद पडली तर दोष इंजिनात. एन मध्ये अजिबात बंद पडत नसेल तर लॉक-अप सोलेनॉइडचा कनेक्टर काढून एक फेरी मारा. काही गाड्यांत त्यामुळे चेक लाइट लागेल, तेवढ्यापुरतं चालतं. आधी गिअरबॉक्स ऑइलची पातळी आणि वास मात्र बघा.

निळी हॅचबॅक

दुसरा प्रश्न स्कॅनरबद्दल. एका ओळखीच्यांनी ब्लूटूथचा स्कॅनर दिला, तो गाडीशी बोलतच नाही. सॉकेट वेगळं आहे.

तारजोडणी

वर्ष १९९९ आहे, त्यामुळे नवल नाही. ओबीडी-२, म्हणजे स्कॅनर लावायची प्रमाणित पद्धत, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधीच्या किंवा बाकी देशांतल्या त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीचं स्वतःचं सॉकेट असतं आणि कोड चेक लाइटच्या लुकलुकण्यातून वाचावे लागतात. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. इंटरनेटवरच्या अंदाजावर सॉकेटच्या पिना शॉर्ट करू नका.

ज्यांच्याकडे स्कॅनर चालतो त्यांच्यासाठी: पी ०५०५ आणि पी ०५०६ आयडलकडे बोट दाखवतात, पी ०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे, पी ०७४२ अडकलेल्या लॉक-अपकडे. कोडचं नाव वाचून पार्ट बदलू नका, कोड सर्किटबद्दल बोलतो. आणि सिग्नल क्षणभरच तुटत असेल तर कोड बसतही नाही, म्हणून लाइट लागला नाही याचा अर्थ सगळं ठीक असा नाही.

फ्युएल ट्रिमही बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते. आयडलला अधिक २० च्या आसपास आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, असं असेल तर बाहेरून हवा येते आहे. उलट रेस वाढवल्यावर ट्रिम वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअर फ्लो सेन्सर मळला आहे.

निळी हॅचबॅक

सापडलं! सविस्तर लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

जवळच्या एका इलेक्ट्रिशियनला हा धागा दाखवला आणि त्यांच्यासमोरच रिव्हर्सची तपासणी केली. पहिल्या गिअरमध्ये इंजिन थोडंसं हललं. रिव्हर्समध्ये क्लच पकडताच इंजिन अख्खं पुढे झोकांडलं आणि बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा बंद. इतके महिने वाट्टेल तेव्हा होणारी गोष्ट आम्हाला हवी तेव्हा करून दाखवता येऊ लागली.

मागचं खालचं माउंटिंग फाटलं होतं. रबर मधोमध चिरून धातूपासून सुटलेलं. क्रँक सेन्सरची केबल गिअरबॉक्सच्या वरून येते आणि बॉडीला लावलेल्या एका पत्र्याच्या क्लिपमधून ईसीएमकडे जाते. इंजिन पुढे झुकलं की ती त्या क्लिपपाशी ताणली जायची. बाहेरून केबल अगदी चांगली दिसत होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून हळूहळू वाकवत नेली, तेव्हा क्लिपच्या अलीकडे बोटभर अंतरावर एक जागा मऊ लागली. तिथलं काळं आवरण कापलं. आत शिल्डची (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारी) जाळी हिरवी पडलेली, आणि सिग्नलच्या तारेचे सगळे तंतू तुटलेले. दोन्ही टोकं आवरणाच्या आत समोरासमोर टेकलेली होती, एवढ्याच आधारावर गाडी चालत होती. केबल सैल असली की संपर्क, ताणली की संपर्क नाही.

मल्टिमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेतच आला, गरम आणि थंड दोन्ही वेळा. म्हणजे सेन्सर चांगला. गाडी उभी असताना ईसीएमच्या टोकाकडून मोजला तेव्हाही बरोबर आला. मदतनिसाने पहारीने इंजिन पुढे रेटल्यावर मात्र मीटर अनंत दाखवू लागला.

आता तुटलेला तुकडा काढून नवी तार सोल्डर करायची की पूर्ण केबल बदलायची?

तारजोडणी

छान काम झालं, तुमच्या इलेक्ट्रिशियनलाही शाबासकी द्या. बोटांनी केबल वाकवून मऊ जागा शोधणारे लोक कमी राहिलेत.

सेन्सरबरोबर येणारी पूर्ण केबल मिळत असेल तर तीच घाला. मिळत नसेल तर जोड चालेल, पण काही गोष्टी पाळा. जोड वाकणाऱ्या जागी नको, क्लिपच्या पलीकडे, जिथे केबल हलत नाही तिथे करा. सोल्डर केलेली तार कडक होते आणि तिच्या कडेलाच पुन्हा तुटते. हिरवा पडलेला तांबा पूर्ण कापून टाका, घासून वापरू नका. शिल्डची जाळी सलग ठेवा, पण अर्थ फक्त एकाच टोकाला, ईसीएमच्या बाजूला. दोन्ही टोकांना अर्थ दिला तर इग्निशनचा कचरा सिग्नलमध्ये शिरतो. दोन तारा उलटसुलट जोडू नका. चुंबकीय सेन्सरला दिशा असते आणि उलटी जोडल्यास टायमिंग भरकटतं किंवा गाडी चालूच होत नाही. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

आणि माउंटिंग बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. केबल नवी आणि झोका जुनाच राहिला तर हेच पुन्हा होईल. नव्या केबलला इंजिन आणि बॉडीच्या मधे सैल वळसा ठेवा.

चोक ओढा

बदलताना इंजिनाची अर्थिंगची पट्टीही बघून घ्या. फाटक्या माउंटिंगवर ती तितकीच झोके खात होती. दोन्ही टोकांचे बोल्ट काढून पत्रा चकचकीत घासा.

निळी हॅचबॅक

माउंटिंग नवं, केबल पूर्ण नवी, अर्थिंगची पट्टीही बदलली, एका टोकाला ती निम्मी तुटलेलीच होती. रिव्हर्सची तपासणी पुन्हा केली, इंजिन जेमतेम हललं आणि काटा स्थिर. त्यानंतर उन्हात, गर्दीत, चढ-उतारावर चालवली, काटा एकदाही शून्यावर गेला नाही.

आता एसीचा प्रकार राहिला होता. ब्रेक दाबून बघितलं, बूस्टर ठीक. पर्जचा पाइप चिमटला, फरक नाही. व्हॅक्यूम चांगला आणि स्थिर. शेवटी आयएसी व्हॉल्व्ह काढला. थ्रॉटल बॉडी साफ करताना त्याला कोणी हात लावला नव्हता. आतली सुई काजळीच्या चिकट थराने जाड झाली होती आणि तिच्या बसण्याच्या जागेवर कार्बनचं कडं होतं. फक्त साफ केला, ओ-रिंग नवी घातली, मग मॅन्युअलप्रमाणे बॅटरी काढून-लावून आयडल शिकू दिला. आता एसी सुरू झाला की काटा किंचित दबतो आणि लगेच ८५० वर येतो.

वाचनमात्र, व्हॉल्व्हबद्दल तुम्ही म्हणालात ते त्या एका प्रकारापुरतं खरं निघालं. नवा घ्यावा लागला नाही एवढंच.

वाचनमात्र

वा, आनंद झाला. व्हिडिओची पद्धत मी भावाच्या गाडीवर वापरणार आहे. त्याचा काटा धडपडत उतरतो, म्हणजे हवा-पेट्रोलकडून सुरुवात करू ना?

पाना

हो. ब्रेक पेडलची तपासणी आधी करा, तिच्यासाठी काहीच खोलावं लागत नाही. ईजीआर असेल तर तो आयडलला पूर्ण मिटतो का ते त्यानंतर लगेच. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात.

डी मोड

माझ्याकडची बातमी. एन मध्ये टाकून थांबलो, एकदाही बंद पडली नाही. मग सोलेनॉइडचा कनेक्टर काढून गरम गाडी हायवेवरून आणली आणि डी मध्येच थांबवली. हबकली नाही, बंद पडली नाही. ऑइल मात्र काळपट आहे आणि जळका वास येतोय. कनेक्टर तसाच ठेवून वापरू का?

पाना

गिअरबॉक्सवाल्याकडे नेईपर्यंत जवळच्या फेऱ्यांना ठीक आहे. लांब हायवेवर नको, लॉक-अपशिवाय कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि ऑइल जास्त तापतं. जळका वास आहे म्हणजे ते आधीच तापून गेलेलं आहे. पॅन उघडतील तेव्हा तुम्ही स्वतः हजर राहा. तळाच्या चुंबकावर बारीक राखाडी भुकटी असणं स्वाभाविक आहे, पण चमकणारे कण किंवा घर्षणपट्टीचे काळे तुकडे दिसले तर नुसता सोलेनॉइड बदलून भागणार नाही. जे दिसेल त्याचा फोटो इथे टाका.